आधी भिंत वाजवा, मग हॅमर ड्रिल घ्या

रावेतच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. शिवणाच्या खोलीत धाग्याच्या रिळांसाठी एक फळी लावायची होती. चार भोकं, बस्स. चिंचवडच्या जुन्या घरात असली चार भोकं मी चहाला उकळी येईपर्यंत पाडून मोकळी व्हायचे. इथं पहिल्याच भोकावर वीस मिनिटं झगडले आणि ड्रिलचं बिट, म्हणजे भोक पाडणारी पुढची सळई, बाहेर काढून बघितलं तर खड्डा केवढा? ब्लाउजचा हुक मावेल एवढा. बिटचं टोक निळंकाळं पडलेलं, आणि खोलीत एक जळका वास. तो वास मला चांगला ओळखीचा आहे. शिलाई मशीनची मोटर जायला आली की अगदी असाच येतो.

मी लेडीज टेलर आहे. सत्तावीस वर्षं झाली, घरूनच शिवते. त्यामुळे मोटर, कार्बन ब्रश, पायडल, वायर हे सगळं हाताखालचं आहे. पण भिंतीचं शास्त्र मला त्या दिवशी कळलं. जुनं घर विटांचं होतं आणि ड्रिल त्या घराच्या मापाचं होतं. नवी इमारत मिवानची. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओतलेले. वीट औषधालासुद्धा नाही. अठ्ठावीस इंच छातीच्या मापाचा ब्लाउज छत्तीसवालीला घालायला निघाले होते मी, आणि शिवण उसवली म्हणून कापडाला बोल लावत होते.

तेव्हापासून सोसायटीत कुणी विचारलं की "काकू, कुठलं ड्रिल घेऊ?", तर मी उलट विचारते, "भिंत कसली आहे?" बहुतेकांना माहीत नसतं. गंमत म्हणजे फ्लॅटची किंमत दर चौरस फुटाला पाठ असते.

भिंत ओळखायला फार काही लागत नाही. तुमच्या घरात एसीवाला, पडदेवाला, पाण्याच्या फिल्टरवाला असा कुणी ना कुणी भोक पाडून गेलेलाच असतो. पुढच्या वेळी कुणी आला की शेजारी उभ्या राहा आणि खाली पडणारी भुकटी चिमटीत घ्या. पहिल्या अर्ध्या इंचात राखाडीच येते, तो सिमेंटचा गिलावा. त्यावर जाऊ नका. त्याच्या पुढची बघा. गेरूसारखी लाल आली तर वीट. पांढुरकी, पावडरसारखी मऊ आली आणि बिट बिस्किटात शिरल्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा. आपल्याकडे बरेच मिस्त्री त्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात. राखाडी पण भुसभुशीत, बिटला विरोध बेताचाच, तर राखेची वीट. आणि राखाडी, बारीक, हाताला गरम लागणारी, मधूनच काळे चकाकते कण असलेली भुकटी आली आणि पाडणाऱ्याच्या कपाळावर घाम दिसला, तर ते आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट. ते काळे कण म्हणजे खडी. आपल्या देशावरची खडी काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची असते. बिट त्या खड्यावर आलं की नुसतं गरगरतं, पुढं सरकत नाही.

माझं माहेर राजापूरकडचं. तिथं जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती. चिरा मऊ असतो, पण अंगात पोकळ्या फार. भोक पडतं झटक्यात, मात्र प्लग, म्हणजे स्क्रू धरायला भोकात घालतात ती प्लॅस्टिकची नळी, धरत नाही, कारण बिट पोकळीत शिरलं की भोक वाकडंतिकडं होतं. तिकडं ड्रिलवर पैसे घालण्यापेक्षा लांब प्लगवर घाला, मी भावाला हेच सांगितलंय.

आता एक मेख. "आमची इमारत विटांची आहे, आम्हाला साधं ड्रिल चालेल" असं म्हणणाऱ्या वहिनींना मी विचारते, पडद्याचा रॉड कुठं लावणार? खिडकीच्या वर. आणि खिडकीच्या वर काय असतं? लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी पट्टी, नाहीतर सरळ बीमच. दोन्ही काँक्रीट. म्हणजे घर विटांचं असलं तरी पडद्याची भोकं काँक्रीटमध्येच येणार. विटांच्या भिंतीत दोन मिनिटांत काम करणारं ड्रिल खिडकीवर गेल्यावर रडायला लागतं आणि माणूस समजतो यंत्र बिघडलं.

"हॅमर ड्रिल" या एका नावाखाली बाजारात दोन वेगवेगळी यंत्रं विकली जातात, सगळा घोटाळा इथं आहे. ऑनलाइन यादीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, फोटोही मिळतेजुळते.

पहिलं यंत्र म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल. दुकानात नुसतं हॅमर ड्रिल मागितलं तर बहुधा हेच काढून देतात. याच्या आत समोरासमोरच्या बाजूंना दात असलेल्या दोन चकत्या असतात. कापडाची कड उसवू नये म्हणून आम्ही झिगझॅग कात्री वापरतो ना, तसे दात समजा. एक चकती स्थिर, दुसरी बिटबरोबर फिरते. तुम्ही दाब दिला की दातावर दात चढतो, उतरतो, चढतो, उतरतो, आणि बिट पुढंमागं थरथरतं. समजा चकतीला १६ दात आहेत आणि ती मिनिटाला ३००० फेरे घेते, तर मिनिटाला ४८,००० ठोके. खोक्यावर हाच आकडा मोठ्या अक्षरात छापतात आणि वाचणारा गार होतो. पण तो ठोका असतो केवढा? पाटावर बांगड्या वाजाव्यात तेवढा. शिवाय जोर तुमच्या खांद्याचा. दाबलं नाही तर ठोका नाही.

दुसरं यंत्र म्हणजे रोटरी हॅमर. आत एक दट्ट्या हवा दाबतो, ती दाबलेली हवा एका लोखंडी ठोकळ्याला पुढं फेकते आणि तो बिटच्या बुडावर आदळतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून धरल्यावर दट्ट्या कसा उसळतो, तसलं काम. लहान रोटरीचे ठोके मिनिटाला चार-पाच हजारच असतात, इम्पॅक्टच्या दहावा भाग. पण एकेक ठोका दोन ज्यूलच्या आसपास. दोन ज्यूल म्हणजे वाण्याकडचं एक किलोचं वजन वीतभर उंचीवरून सोडलं तर बसतो तेवढा दणका. खलबत्ता आणि बांगड्या यातला फरक आहे हा. आणि यात खांदा लावायचाच नसतो. यंत्र सरळ धरायचं, स्वतःच्या वजनापुरतं टेकवायचं, बाकी ते करतं. जास्त दाबलं म्हणून काम लवकर होत नाही.

ठोक्यांचा मोठा आकडा बघून रोटरी सोडून इम्पॅक्ट घेतलेले दोन जण आमच्याच विंगमध्ये आहेत.

ओळखायचं कसं? तोंड बघा. इम्पॅक्टला बिट पकडणारा तीन जबड्यांचा चक असतो, किल्लीनं आवळायचा. रोटरीला रबरी टोपीसारखं तोंड, मागं ओढलं की बिट खटकन आत. त्याला एसडीएस-प्लस म्हणतात. बिटचा दांडा १० मिलिमीटरचा आणि त्यावर खाचा कोरलेल्या. मॉडेलच्या नावावरूनही कळतं. बॉशचं जीएसबी म्हणजे इम्पॅक्ट, जीबीएच म्हणजे रोटरी. मकीताचं एचपी म्हणजे इम्पॅक्ट, एचआर म्हणजे रोटरी. एवढं पाठ असलं की विक्रेत्याला विचारायची गरज नाही.

माझा निवाडा असा. भिंती विटांच्या, ब्लॉकच्या, आणि खिडकीवरची पाच-दहा भोकं काँक्रीटमधली, तर ५०० ते ६५० वॅटचं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल पुरे. नावाजलेल्या कंपनीचं अडीच ते साडेतीन हजारांच्या आसपास मिळतं. त्याच ड्रिलनं लाकूड, पत्रा, प्लायवूड सगळं होतं, वजन दीड-दोन किलो, एका हातात राहतं. मिवानच्या इमारतीत मात्र इम्पॅक्टच्या वाटेला जाऊच नका. २० ते २६ मिलिमीटर क्षमतेचं सगळ्यात लहान रोटरी घ्या. मी घेतलं ते कमी नावाच्या कंपनीचं, साडेचार हजाराला पडलं, वजन तीन किलोला थोडं कमी. ज्या भोकावर वीस मिनिटं घालवली, तेच भोक यानं मी मनात वीस आकडे मोजेपर्यंत पाडलं. मी हसले आणि मग चिडले, कारण आधीचं जळलेलं ड्रिल डोळ्यासमोर आलं.

रोटरीनं लाकडात नाजूक काम होत नाही हे आधीच सांगून ठेवते. त्याला चक जोडायचा अडॅप्टर मिळतो, पण बिट थोडं डुगडुगतं. कपाटाचं बिजागर बसवायला ते चालायचं नाही. आणि अडॅप्टर लावून लाकूड भोसकताना हॅमर, म्हणजे ठोके, बंद केला नाही तर चकाचे जबडे खिळखिळे होतात.

आमच्या पहिल्या ड्रिलची कथा सांगते. ते ह्यांनी ऑनलाइन मागवलं होतं, नाव कुठं ऐकलेलं नाही, सोबत शंभर नगांची पेटी. हे खूश, शंभर नग! पेटीत काय होतं? पक्कड, जी दात विचकून हसायची. स्क्रू ड्रायव्हर, ज्याचं टोक पहिल्याच स्क्रूवर गोल झालं. आणि भिंतीची म्हणून दिलेली बिटं, ज्यातल्या एकाचं टोक लिंटेलमध्येच तुटून राहिलं. अजून आहे तिथं, वर पडदा आहे म्हणून दिसत नाही. शंभर नगांच्या पेटीचे पैसे यंत्राच्या मोटरमधून कापलेले असतात, दुसरीकडून कुठून येणार? यंत्र सुटं घ्या आणि बिटं सुटी घ्या.

वॅटचंही असंच. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं ते. भिंतीत जोर किती जातो ते नव्हे. आपला मिक्सरही ५००-७५० वॅटचा असतो, त्यानं भिंत पडते का? एका नावाजलेल्या कंपनीचं ५०० आणि एका निनावी कंपनीचं ८५० शेजारी ठेवून मी दोन्ही चालवून बघितली आहेत आणि ५००वालं पुढं गेलं आहे. घराच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर १३०० वॅटपर्यंतचं काहीही चालतं, तेव्हा ते सांभाळायची चिंता नको. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र जाड वायरचा घ्या. मोबाइल चार्जरसाठी आणलेल्या बारीक वायरवर ड्रिल लावलं की वायर तापते आणि मोटरला विजेचा पुरेसा दाब मिळत नाही.

मी शक्यतो दुकानातूनच घेते. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला गेलात तर हत्यारांची दुकानं ओळीनं आहेत, एक दिवस काढून जा. मी गेले तेव्हा दुकानदार काकांनी माझ्याकडं न बघता ह्यांना विचारलं, "साहेब, कशाला हवंय?" ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. मग काका म्हणाले, "ताई, लाकडाला की भिंतीला?" मी म्हटलं, "मिवानला." त्यानंतर मात्र ते माझ्याशीच बोलले.

काउंटरवर यंत्र हातात घेतलं की मी काय बघते ते सांगते. आधी ट्रिगर अगदी हलका दाबायचा. वेग हळूहळू वाढला पाहिजे, शिलाई मशीनच्या पायडलसारखा. दाबल्या दाबल्या एकदम पूर्ण वेगानं सुटत असेल तर ठेवून द्या. टाइलवर असलं यंत्र घसरतंच. मग उलट फिरवायचं बटण आहे का ते बघा, अडकलेलं बिट सोडवायला ते लागतं. एक लांब बिट लावून मंद वेगानं फिरवा आणि टोकाकडं टक लावून बघा. टोक एका जागी फिरायला हवं. ते बारीक गोल काढत असेल तर चक वाकडा आहे, आणि ६ मिलिमीटरचं भोक ७चं होणार. बाजूला हँडल आणि भोकाची खोली मोजायची दांडी दोन्ही खोक्यात आहेत ना ते तपासा. वायर किती लांब? दीड मीटर असेल तर स्टुलावर चढल्यावर कमी पडते.

शेवटी कार्बन ब्रश. ड्रिलची मोटर, मिक्सरची मोटर, आमच्या मशीनची मोटर, एकाच कुळातल्या. आत दोन कार्बनचे तुकडे घासत असतात, ते झिजतात. काही ड्रिलना बाहेरच दोन काळी झाकणं असतात. झाकण काढलं, जुना काढला, नवा घातला, पाच मिनिटांत काम. काहींना सगळं यंत्र उघडावं लागतं. बाहेरून झाकण असलेलं मिळालं तर ते घ्या, आणि दुकानदाराला तिथंच विचारा, "याचे ब्रश आहेत का तुमच्याकडं?" "मिळतील हो कुठंही" असं उत्तर आलं तर समजून जा. माझ्याकडच्या ब्रशची जोडी शंभर रुपयांच्या आत येते, मी एक डब्यात आणूनच ठेवली आहे. झरोक्यातून निळ्या ठिणग्या थोड्या दिसल्या तर घाबरू नका. मोठ्या, पिवळ्या, सगळीकडून उडू लागल्या तर थांबा.

बॅटरीवाल्या ड्रिलविषयी लोक फार विचारतात. १२ व्होल्टचं भिंतीसाठी घेऊच नका, ते कपाटाचे स्क्रू आवळायला छान. १८-२० व्होल्टची चांगली असतात, पण बॅटरी आणि चार्जर मिळून बजेटच्या बाहेर जातं. आणि घरात ड्रिल वर्षातून चार वेळा निघतं. दिवाळीला काढलं तर बॅटरी मेलेली. वायर मरत नाही.

आता बिट. पैसे वाचवायचे तर यंत्रात वाचवा, बिटमध्ये नको. भिंतीच्या बिटच्या टोकाला वेगळ्या धातूचा तुकडा डागलेला दिसतो, दांड्यापेक्षा किंचित रुंद. तो टंगस्टन कार्बाइडचा. लोखंडाची पूर्ण काळी किंवा सोनेरी बिटं भिंतीला लावलीत तर एका भोकात बोथट. घराला ६चं एक, ८चं एक, एसीसारख्या जड कामाला १०चं एक, एवढी तीन चांगली पुरतात. ६चं मी दोन ठेवते, कारण सगळं घर ६वरच लटकलेलं असतं. रोटरीचं बिट इम्पॅक्टमध्ये बसत नाही आणि इम्पॅक्टचं रोटरीत बसत नाही, घाईत उलटं आणू नका. रोटरीच्या बिटच्या बुडाला बोटभर ग्रीस लावायचं. आणि काम करताना बिट लालबुंद तापलं म्हणून पाण्यात बुडवू नका. कार्बाइडला तडा जातो. पुन्हा पुन्हा बाहेर काढा, भुकटी झटका, निवू द्या.

पाडायच्या वेळची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण चांगलं ड्रिल घेऊनही लोक इथं फसतात.

जागा ठरवताना स्विचबोर्ड कुठं आहे बघा. वायरिंगचे पाइप बोर्डाच्या सरळ वर आणि बहुधा सरळ खाली जातात, नळाच्या पाण्याचे नळाच्या वर. त्या उभ्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी वीतभर सोडून द्या. मिवानमध्ये पाइप काँक्रीटमध्येच ओतलेले असतात, नंतर फोडून दुरुस्त करणं महाकर्म. बिल्डरनं ताबा देताना वायरिंगचा नकाशा दिला असेल तर तो फायलीतून काढा. आमचा मला सोफ्याच्या खोक्यात सापडला. वरच्या स्लॅबला भोक पाडायचं असेल तर आधी सोसायटीत विचारा. काही मोठ्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा असतात, त्यांना धक्का लावायचा नसतो.

खूण मी शिवणाच्या खडूनं करते, फुली. टाइल असेल तर तिच्यावर कागदी चिकटपट्टीची फुली, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद. हे विसरू नका, चालू हॅमरनं टाइलला केसाएवढी चीर जाते आणि ती कायम डोळ्यासमोर राहते. साध्या चकचकीत टाइलला भाल्याच्या टोकाचं बिट, व्हिट्रिफाइडला हिऱ्याचं. टाइल संपली, सिमेंट लागलं, की मग हॅमर.

बिटवर प्लगच्या लांबीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त अंतरावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळते. दांडीपेक्षा मला हे सोपं वाटतं. चक आवळताना किल्ली एकाच भोकात घालून थांबू नका. चकाला तीन भोकं असतात, तिन्हींतून आवळा, तेव्हा तिन्ही जबडे सारखे बसतात. हे माहीत नसल्यामुळेच बिट आत फिरत राहतं आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. किल्ली वायरला सुतळीनं बांधून ठेवलीत तर हरवत नाही, मात्र विजेच्या प्लगच्या बाजूला बांधा, म्हणजे किल्ली वापरायला तो प्लग सॉकेटमधून काढावाच लागतो.

भुकटीसाठी लग्नपत्रिकेचं पाकीट खुणेच्या खाली चिकटवा, तोंड उघडं. माझ्या खोलीत कापड असतं, पांढऱ्या सॅटिनवर विटेची धूळ म्हणजे गिऱ्हाईक गेलं. पाकीटभर धूळ सरळ कचऱ्यात.

अंगावर काय? गॉगल हवाच, वर बघून पाडताना तर हवाच हवा. नाकातोंडाला मास्क. ओढणी काढून ठेवा, पदर खोचा, केस बांधा, बांगड्या उतरवा. सैल हातमोजे नकोत, फिरत्या बिटात ते गुंडाळले जातात. चालू ठेवायचं लॉकचं बटण घरात कधीच वापरू नका. मी एकदा वापरलं होतं, चिंचवडला. बिट विटांच्या सांध्यात अडकलं, आणि अडकलेलं बिट फिरत नाही म्हटल्यावर ड्रिल फिरलं. माझ्या मनगटासकट. चार दिवस कात्री धरता आली नाही आणि लग्नसराईचे नऊ ब्लाउज पडून होते. साध्या इम्पॅक्ट ड्रिलला अशा वेळी सुटणारा क्लच सहसा नसतो. बऱ्याच रोटरींना असतो, बिट अडकलं की कटकट आवाज करत तो निसटतो. रोटरी घेताना हे विचारून घ्या. आणि यंत्र कुठलंही असो, बाजूचं हँडल लावा, दोन्ही हातांनी धरा.

सुरुवात मंद वेगानं, बिटला बसायला जागा झाली की वेग वाढवायचा. एएसी ब्लॉकमध्ये हॅमर लावायचाच नाही, नुसतं फिरवूनच पाडायचं, आणि ६च्या प्लगला ५चं बिट वापरायचं, नाहीतर प्लग सैल बसतो. समोरच्या विंगमधल्या एका वहिनींचा पडदा रॉडसकट, प्लगसकट खाली आला तो याच कारणानं. ब्लॉकसाठी वेगळे लांब नायलॉनचे प्लग मिळतात, ते घ्या. काँक्रीटमध्ये पाडताना बिट एकदम थबकलं आणि आवाज खणखणीत झाला तर आत सळई आहे. जोर करू नका. सळई कापायची नसते आणि ते बिट तिला कापणारही नाही. इंच-दीड इंच बाजूला सरका.

दोन-तीन भोकं सलग पाडली की ड्रिल भिंतीबाहेर काढून मिनिटभर मोकळं फिरवा, पूर्ण वेगानं. मोटरचा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. मंद वेगात जोर लावला की पंखाही मंद, वारा कमी, आणि कॉइल तापते. त्या दिवशी मी वीस मिनिटं हेच केलं होतं, वेग कमी आणि दाब जास्त. जाड जीन्सच्या चार पदरांवर मशीन रेटलं की मोटर जाते हे मी गिऱ्हाइकांना सांगत आले, आणि स्वतः भिंतीवर तेच केलं.

भोक झालं की आतली भुकटी फुंकून काढू नका, डोळ्यात येते. केस रंगवायच्या बाटलीचं टोक किंवा जुना रबरी पिचकारीचा फुगा वापरा. प्लग हातोडीनं हलके मारत भिंतीशी सपाट बसवा. ६च्या प्लगला ८ नंबरचा ३५ मिलिमीटरचा स्क्रू मी वापरते. फळीची जाडी त्यात धरलेली नाही, ती वेगळी मिळवा. स्क्रू हातानं आवळा. ड्रिलनं आवळलात तर प्लग आतच फिरतो.

वर्षाला चारच भोकं पाडायची असतील तर खरं म्हणजे ड्रिल घेऊच नका. आमच्याकडं एका भोकाचे पन्नास रुपये घेऊन पाडून देणारे दादा आहेत, बाजारात दिवसाच्या भाड्यानंही यंत्र मिळतं. नाहीतर माझं न्या. आमच्या विंगमध्ये ते सगळीकडं फिरतं, मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहिलेली असतात. दुपारी दोन ते चार सोसायटीत आवाज बंद, तेव्हा सकाळीच न्यायचं. आणि बिट आपलं आपण आणायचं, माझी ६ची दोन्ही मी देत नाही.